बेसुराची खुंटी

एका सिंथेसायझरची ओळख करून देणारी छोटीशी चित्रफीत आहे. वाजवणारा डाव्या हाताने पाच सूर एकत्र, म्हणजे एक कॉर्ड, दाबून धरतो आणि उजव्या हाताने पॅनेलवरचं एक नॉब वळवायला लागतो. नॉबवर 'व्हिंटेज' असं लिहिलंय, भोवती आकडे: ४, ३, २, १. चारवर कॉर्ड नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा. तीनवर फरक जाणवतो न जाणवतो. दोनवर पाचांपैकी एखादा सूर जरा सैल पडतो, आणि एकवर पाचही जण एकमेकांपासून केसभर सरकून उभे राहतात. आवाज जाड होतो, हलायला लागतो, आणि वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर हरवलेली वस्तू सापडल्याचं हसू येतं. घडतं एवढंच. पण ते नॉब डोक्यातून जात नाही, कारण हे वाद्य म्हणजे प्रॉफेट-५. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सने १९७८ मध्ये काढलेलं, पाच सूर एकत्र वाजवणारं आणि लावलेले आवाज लक्षात ठेवणारं. त्याची पहिली आवृत्ती सुरात राहायची नाही. तिचे दोनशेही नग बनले नाहीत तोवर दुसरी आली, आणि १९८० मध्ये आतल्या चिपाच बदलून तिसरी काढली तेव्हा कुठे ते यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. २०२० मध्ये चौथी आवृत्ती आली ती हे नॉब घेऊन. त्यावरचे आकडे त्या जुन्या आवृत्त्यांचे आहेत. ज्या दुखण्यावर उपचार करण्यात कंपनीची दोन वर्षं गेली, ते दुखणं आता हवं तेवढं वाढून घेता येतं.

सुरुवातीच्या सिंथपॉपची, म्हणजे साधारण १९७७ ते १९८३ मधल्या, सिंथेसायझरवर बांधलेल्या गाण्यांची, आठवण काढणारे लोक 'ऊब' हा शब्द फार सैलपणे वापरतात. ती ऊब म्हणजे यंत्राचा बेसूरपणा, असं आता जवळपास ठरूनच गेलंय. सॉफ्टवेअर सिंथमध्येही कुठे 'ड्रिफ्ट', कुठे 'एज' नावाची खुंटी असतेच. ती पिळली की जुना काळ येतो म्हणे. मला हे अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेलं अर्धं जास्त रंजक वाटतं.

मुळात ऑसिलेटर, म्हणजे यंत्रातला सूर निर्माण करणारा भाग, सुरातून का उतरतो? त्या काळच्या बहुतेक यंत्रांत कळ दाबली की एक व्होल्टेज तयार होतं, आणि एक व्होल्ट वाढलं की सूर एक सप्तक वर जातो. व्होल्टेज बेरजेने वाढतं, पण कंपनसंख्या दर सप्तकाला दुप्पट व्हायला हवी: ११०, २२०, ४४०, ८८०. बेरजेतून दुप्पट काढायचं काम ट्रान्झिस्टरांची एक जोडी करते, आणि तिचा हा गुण तापमानाला बांधलेला असतो. खोलीच्या तापमानाला दर अंशामागे साधारण ०.३३ टक्के. ऐकायला किरकोळ. पण सप्तकात १२०० सेंट असतात, १०० सेंटचा एक अर्धस्वर. त्यामुळे काहीच उपाय केला नसेल तर एका अंशाच्या फरकाने संदर्भाच्या सुरापासून एक सप्तक वर चार सेंटची चूक पडते, चार सप्तकं वर सोळा सेंटची. उपाय म्हणजे त्याच प्रमाणात उलट बदलणारा एक रेझिस्टर ट्रान्झिस्टरला अगदी चिकटवून बसवायचा, म्हणजे दोघं बरोबर तापतील. तो जरा दूर बसला की एक तापतो आणि दुसरा अजून थंडच असतो. काही यंत्रांत चिपच्या पोटातच छोटा तापक बसवून तिला मुद्दाम कायम गरम ठेवलेलं असे. यातली सगळ्यात वैतागवाणी चूक कोणती, तर खालचा सा लावला तरी वरचा सा लागत नाही. बाहेरच्या 'ट्यून' नॉबने सगळी पट्टी एकदम वरखाली होते, दोन सांमधलं अंतर बदलत नाही. त्यासाठी झाकण उघडून, पट्टीचा ताण ठरवणारा बारका स्क्रू पेचकसाने फिरवावा लागतो, मग खालचा सा पुन्हा लावायचा, पुन्हा वरचा तपासायचा. तीन ऑसिलेटर असतील तर हे तीनदा.

मिनीमूग घ्या. मूग कंपनीचं १९७० चं यंत्र, ४४ कळा, तीन ऑसिलेटर, आणि तरी एका वेळी एकच सूर. चालू केल्यावर अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. मग पॅनेलवरचं 'ए-४४०' असं लिहिलेलं बटण दाबायचं. ते संदर्भाचा सूर देतं, तंबोऱ्यासारखा अखंड. पहिल्या ऑसिलेटरला स्वतःचं सूर लावायचं नॉबच नाही, म्हणून आधी मुख्य 'ट्यून' नॉबने त्याला ४४० वर आणायचं. मग दुसरा चालू करून पहिल्याशी जुळवायचा, मग तिसरा. जुळवताना कान सुराकडे नाही, हेलकाव्यांकडे लावायचा. ४४० आणि ४४१ एकत्र वाजले की सेकंदाला एक लाट उठते. सूर जवळ आले की लाट लांबत जाते आणि जुळले की पाणी निश्चल. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा ज्यांनी लावल्यात त्यांना ही गोष्ट सांगायलाच नको. फरक एवढाच, की तिथे लाट थांबली की खुंटी सोडायची, आणि इथे लाट थांबली की खुंटी परत जराशी, मोजून, बिघडवायची. कारण तीन ऑसिलेटर तंतोतंत जुळले की आवाज मोठा होतो पण पातळ लागतो, एकाच माणसाने तीनदा सही केल्यासारखा.

किती बिघडवायचं यालाही हिशेब आहे, आणि तो बहुतेक लोक चुकतात. ४४० ला एक हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एका कंपनाचा, फरक म्हणजे जेमतेम चार सेंट. तेच चार सेंट खाली बासमध्ये, ५५ हर्ट्झच्या सुराला लावले तर एक हेलकावा पुरा व्हायला आठ सेकंद लागतात. सूर तेवढा वेळ वाजतच नाही, त्यामुळे हेलकावा असा कानाला कळतच नाही. कधी पहिला सूर दणदणीत येतो, कधी पुढचा पोकळ, आणि नवशिक्याला वाटतं स्पीकर बिघडलाय. बासला दोन सेकंदांत एक लाट हवी असेल तर पंधरा-सोळा सेंट सोडावे लागतात. तेच पंधरा सेंट वरच्या सप्तकात ठेवले तर आवाज जत्रेतल्या पिपाणीचा होतो. त्यामुळे एकच लावणी सगळीकडे चालत नाही. बासची ओळ वाजवून झाली की धून वाजवण्याआधी यंत्र पुन्हा लावायचं.

म्युनिकमध्ये १९७७ साली जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी डोना समर या गायिकेसाठी 'आय फील लव्ह' बांधलं, तेव्हा जवळपास अख्खं गाणं कपाटाएवढ्या मूग मॉड्युलर सिंथेसायझरवर उभं होतं. ते यंत्र काही सेकंदांत सुरातून सरकायचं. म्हणून अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरचे तुकडे घ्यायचे, थांबायचं, सूर लावायचे, पुढचा तुकडा. रॉबी वेडेल या इंजिनिअरने टेपच्या एका ट्रॅकवर ठोक्यांची खूण भरून ठेवली होती, म्हणून प्रत्येक नवा तुकडा आधीच्याशी लयीत बसत गेला. त्या गाण्यातला बास डाव्या कानात एकदा येतो आणि उजव्या कानात किंचित उशिरा, बरोबर दोन सुरांच्या मधल्या फटीत. त्यामुळे एक ओळ दुप्पट वेगाने धावतेय असं वाटतं. बास ड्रम मात्र मूगमधून हवा तसा निघेना, तो कीथ फोर्सी या ड्रमवादकाने पायाने वाजवला. यंत्रयुगाची ललकारी मानल्या गेलेल्या गाण्याचा ठोका माणसाच्या घोट्यातून आलाय.

त्या खोलीतल्या कुणालाही सूर उतरलेला नको होता.

हे विसरलं जातं. आपण आज ज्या थरथरीवर भाळतो ती त्यांच्या दृष्टीने उरलेली चूक होती, दहा वेळा पुसूनही न गेलेली. रेकॉर्डवर ऐकू येतं ते उतरणं आणि ते सावरणं, दोन्ही मिळून. कडव्याच्या सुरुवातीला सूर चोख आणि शेवटाकडे केसभर खाली, पुढचं कडवं पुन्हा चोख, कारण मध्ये टेप थांबवून कुणीतरी नॉबला हात लावलाय. व्हिंटेज लिहिलेल्या खुंटीतून उतरणं मिळतं. सावरणारा हात काही तिच्यातून येत नाही.

गॅरी न्यूमन या ब्रिटिश गायकाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९७८ मध्ये ट्यूबवे आर्मी हा त्याचा पंक बँड केंब्रिजच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला गेला, तिथे कुणीतरी मिनीमूग ठेवून गेलं होतं. त्याने कळ दाबली आणि खोली हादरली. यातला महत्त्वाचा भाग असा, की त्या यंत्राची नॉबं कशी लावायची हे त्याला ठाऊक नव्हतं. आधीचा कुणी ती लावून गेला होता, आणि योगायोगाने ती अशी लावलेली होती की खालचा सूर छातीत उतरावा. मिनीमूगला स्मृती नाही. त्या दिवशी नॉबं दुसरीकडे वळलेली असती, समजा बासरीसारख्या कोवळ्या आवाजावर, तर तो कदाचित 'बरं आहे' म्हणून गिटारकडे वळला असता. पुढच्याच वर्षी त्याचं 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' हे गाणं ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पाच मिनिटांहून लांब, धड ध्रुवपद नाही, मध्ये चक्क बोललेला मजकूर, आणि मुख्य धुनेतला एक सूर पियानोवर चुकून पडलेला, तो तसाच बरा वाटला म्हणून ठेवलेला. त्यानंतरच्या 'कार्स'मधला वरचा थंडगार गायक-आवाज म्हणजे अनेक सूर एकत्र वाजवणाऱ्या पॉलिमूगचं 'व्हॉक्स ह्युमाना' नावाचं तयार बटण. ते नाव म्हणजे माणसाचा आवाज, आणि ऐकून वाटतं रिकाम्या इमारतीत कुणीतरी दार उघडं ठेवून गेलंय. न्यूमनने त्याच्याबरोबर खाली मिनीमूग आणि खरी ड्रम्स, खरी बास गिटार ठेवली. त्याच्या रेकॉर्डी आजही ताठ उभ्या वाटतात त्या या मिश्रणामुळे. नुसत्या सिंथच्या कित्येक समकालीन रेकॉर्डी आज ऐकल्या तर डब्यात खडे वाजवल्यासारख्या लागतात, हेही सांगून टाकायला हवं.

एका वेळी एकच सूर, या अडचणीने त्या संगीताचं जे काही भलं केलं ते वेगळंच. कॉर्ड वाजवता येत नाही म्हटल्यावर करायचं काय? ओळीला ओळ लावायची. इंग्लंडमधल्या बॅसिल्डनच्या डिपेश मोड या बँडकडे १९८१ मध्ये साधी, स्वस्तातली एकसुरी यंत्रं होती: कावाईचं एक, यामाहाचं एक, मूग प्रॉडिजी. ती काखेत मारून ही पोरं ट्रेनने टीव्हीच्या कार्यक्रमाला जायची. प्रत्येकाने एक ओळ सांभाळायची, आणि तीन ओळी एकमेकींना ओलांडून जाताना जो भास होतो तोच कॉर्ड. 'जस्ट कान्ट गेट इनफ'च्या शेवटाकडे एकेक धून येऊन आधीच्या धुनेवर बसत जाते ते नीट ऐका. एकही ओळ अवघड नाही, सगळ्या शिट्टीवर वाजवता येतील. इंग्लंडमध्येच मर्सी नदीपलीकडच्या 'विरल' नावाच्या भागातल्या ओएमडी या बँडने तर ध्रुवपदच बोलांतून काढून टाकलं. 'इलेक्ट्रिसिटी' आणि 'इनोला गे' यांत जिथे लोक गायला तोंड उघडतात तिथे सिंथची धून आहे. ती ज्यावर वाजवली ते कोर्गचं मायक्रो-प्रीसेट बँडमधल्या अँडी मॅक्लस्कीने आईच्या घरपोच-खरेदीच्या कॅटलॉगमधून घेतलं होतं, आठवड्याला ७ पौंड ७६ पेन्स, ३६ हप्ते. ज्याच्यात फारसं काही बदलताच येत नाही असं यंत्र. मग बदलायला धूनच उरते.

एका वेळी एकच सूर या गोष्टीचं आपल्या कानाला नवल वाटायचं कारण नाही. गाणं म्हणजे एक सूर आणि त्याचा पुढच्या सुराकडे जाण्याचा रस्ता, हे आपल्याकडे बाळकडूच आहे. म्हणून चरणजित सिंग यांची ती रेकॉर्ड मला नुसती गंमत वाटत नाही. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेल्या या माणसाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर लोक चक्रावले. कारण टीबी-३०३ ची तीच घसरती, किरकिरती बासओळ घेऊन शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये एक नवा प्रकारच जन्माला घातला होता. ३०३ मध्ये 'स्लाइड' नावाची सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची. मींडच ती, पण तिला लागणारा वेळ ठरलेला. अंतर अर्ध्या सुराचं असो की सप्तकाचं, घसरगुंडी तेवढ्याच क्षणात संपते. लांबवता येत नाही, मध्ये थबकता येत नाही. वर तोडीचा गंधार त्या बारा समान घरांत हवा तेवढा उतरतच नाही. हे सगळं माहीत असून ती तोडी ऐकावी. रागदारीच्या जाणकाराला ती खटकेल, खटकायलाच हवी, आणि तरी तिच्यात पहाटे रिकाम्या लोकलने निघाल्यासारखं काहीतरी आहे.

स्मृती नसणं ही दुसरी अडचण, आणि हिच्यामुळे किती आवाज कायमचे गेले असतील कोण जाणे. मिनीमूगसारख्या यंत्रावर आवाज सापडला की कोऱ्या नकाशावर प्रत्येक नॉबची दिशा पेन्सिलीने काढून ठेवायची पद्धत होती. कुणी पॅनेलवर चिकटपट्टीचे तुकडे लावून खुणा करत. पण कागदावर 'कटऑफ तीन वाजण्याच्या काट्यावर' असं लिहिलं (कटऑफ म्हणजे फिल्टरने आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग कुठून कापायचा ती जागा), तरी तीन वाजता आणि तीन वाजून पाच मिनिटं यांत आवाज पार बदलतो, विशेषतः रेझोनन्स, म्हणजे त्या कापल्या जागेवरचा घुमारा, जास्त असेल तेव्हा. त्यात नॉबच आपल्या दांड्यावर सैल होऊन फिरलेलं असलं तर संपलंच. म्हणून शहाणे लोक आवाज सापडला की लगेच टेप चालू करायचे. सराव नंतर, आधी मुद्रण. त्या रेकॉर्डींवर वाजवण्यात जी किंचित घाई, किंचित सावधपणा ऐकू येतो, तो मला वाटतं इथून येतो. हातातलं पाखरू उडायच्या आत पिंजऱ्यात घालायचं.

ज्यांना बोटांवर भरवसा नव्हता त्यांनी आकडे निवडले. रोलंडचा एमसी-८ हा १९७७ चा सिक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले सूर सिंथकडून आपोआप वाजवून घेणारी पेटी, दिसायला टॅक्सीच्या मीटरला कॅल्क्युलेटरचा कीबोर्ड जोडलेला. सूर वाजवून भरायची सोय अगदीच गौण; मुख्य रस्ता आकड्यांचा. प्रत्येक सुराला तीन आकडे: कुठला सूर, पुढच्या सुरापर्यंत किती अवकाश, आणि त्यातला किती काळ आवाज चालू. एका ठोक्याचे १२० भाग धरले तर अर्ध्या ठोक्याला ६०, पावाला ३०. सूर मात्र अर्धस्वरांच्या मोजणीने, सप्तक वर जायचं तर १२ मिळवा. तिसरा आकडा सगळ्यात गमतीचा. तीस भागांच्या घरात आवाज दहा भाग ठेवला तर सूर टोचतो, पंचवीस ठेवला तर रेंगाळतो, तीसच्या तीस ठेवला तर पुढच्या सुराला चिकटतो आणि एन्व्हलप, म्हणजे प्रत्येक सुराचा उठाव आणि उतार ठरवणारा भाग, नव्याने सुरूच होत नाही. शेफिल्डच्या ह्यूमन लीग या बँडचं 'डेअर' हे १९८१ चं आल्बम बर्कशायरमधल्या मार्टिन रशेंटच्या स्टुडिओत याच यंत्रावर असं आकड्याआकड्याने रचलं गेलं. त्यातल्या 'डोन्ट यू वॉन्ट मी'चा बास चालतो कसा, तर प्रत्येक पावलानंतर जमीन सोडून. ती उचल कुणाच्या मनगटाची नाही. कुणीतरी तिसरा आकडा पुन्हा पुन्हा बदलून, ऐकून, परत बदलून ठरवलेली आहे. वीज गेली की सगळे आकडे पुसले जात, त्याआधी कॅसेटवर उतरवून घ्यायचे. कॅसेट परत वाचताना अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून.

याच बँडचं एकेरी तबकडीवरचं पहिलं गाणं 'बीइंग बॉइल्ड' त्याआधी तीन वर्षं, १९७८ मध्ये, एका ओस पडलेल्या कारखान्यात घरगुती टेपरेकॉर्डरवर मुद्रित झालं होतं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. मला अजूनही पहिलं जास्त भेडसावतं.

यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं की खरा तमाशा सुरू होई. रोलंड, मूग, सिक्वेन्शियल यांचं माप एक सप्तकाला एक व्होल्ट: १, २, ३, ४. कोर्ग आणि यामाहाच्या बऱ्याच यंत्रांचं माप वेगळं, तिथे व्होल्टेजच दर सप्तकाला दुप्पट: १, २, ४, ८. वायर जोडली जाते, आवाजही येतो, पण धून ओळखू येत नाही. चढत्या सुरांच्या पायऱ्या कुठल्या कुठे जातात. सूर सुरू करायच्या खुणेचंही तेच. काहींना व्होल्टेज वर गेलेलं हवं, मूगला तार जमिनीशी जोडलेली हवी. ठोक्याची मोजणी तर आणखी निराळी: एका ठोक्याला रोलंडचं यंत्र २४ खुणा पाठवणार, लिन कंपनीचं ४८, ओबरहाइम कंपनीचं ९६. ४८ ची खूण २४ वाल्याला दिली की ड्रम मशीन दुप्पट वेगाने पळत सुटतं. मग मध्ये मापं बदलणारी डबडी आली, बहुतेक हातबनावटीची. टेपवर खूण भरायची तर चोवीस ट्रॅकांपैकी कडेचा ट्रॅक तिला द्यायचा, पातळी कमी ठेवायची, आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा त्या ट्रॅकपुरती बंद, आणि शेजारचा ट्रॅक शक्यतो मोकळा, नाहीतर त्या खुणेची किरकिर हळुवार कडव्यात झिरपते. एवढं करूनही टेप मधून चालू करता येत नाही. आपण कितव्या ठोक्यावर आहोत हे सिक्वेन्सरला कळायला मार्गच नाही, त्याला प्रत्येक वेळी पहिल्या खुणेपासून निघावं लागतं. चौथ्या मिनिटाला एक सूर दुरुस्त करायचाय? चार मिनिटं ऐका.

न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' १९८३ मध्ये आलं ते या सगळ्या जुगाडाच्या शेवटच्या टोकावर. मँचेस्टरच्या त्या बँडमधल्या बर्नार्ड समनरने सुटे भाग आणून घरी जोडलेला सिक्वेन्सर, ओबरहाइमचं डीएमएक्स ड्रम मशीन, मूग सोर्सचा बास. गिलियन गिल्बर्टने धून कागदावर लिहून काढली आणि एकेक पायरी करून भरली. भरताना एक सूर गळला. त्यामुळे ती धून ठेक्यापासून सुटी पडते. यंत्राने दिलेलं काम अचूक केलं, फक्त कागदावरच एक घर कमी होतं. दुरुस्त करायचं तर सगळं परत. त्यांनी ठेवलं. व्हिंटेज नॉबवर ही चूक कुठल्या आकड्याला मिळेल?

ड्रमची गोष्ट थोडक्यात. पैसे नसतील तर सिंथमधूनच ड्रम काढायचे. फिल्टरचा रेझोनन्स इतका वाढवायचा की तो स्वतःच गुणगुणायला लागतो, ते गुणगुणणं ५०-६० हर्ट्झवर आणायचं, आणि एन्व्हलपने सुरुवात वरून करून ३० मिलिसेकंदांत खाली पाडायची: झाला बास ड्रम. पाडायला १०० मिलिसेकंद लागले तर ठोक्याऐवजी 'डुंऽव' ऐकू येतं. स्नेअरला, म्हणजे कडाडणाऱ्या छोट्या ड्रमला, पांढरा गोंगाट (सगळ्या कंपनसंख्यांची एकत्र खरखर), १५० मिलिसेकंदांत विझणारा, आणि खाली १८०-२०० हर्ट्झचा छोटा त्रिकोणी सूर. नुसता गोंगाट ठेवला तर ती शिंक होते. पैसे जरा असतील तर रोलंडचं सीआर-७८, ज्याच्या बटणांवर वॉल्ट्झ, रुंबा, बोसानोव्हा असं लिहिलेलं आहे. हॉटेलातल्या ऑर्गनवाल्यासाठी बनवलेली पेटी. अल्ट्रावॉक्स या बँडच्या 'व्हिएन्ना' गाण्यातली ती दबकी टिकटिक तिचीच. आणि भरपूर पैसे असतील तर १९८० चं लिन एलएम-१, खऱ्या ड्रमचे नमुने चिपांत भरलेलं, पाच हजार डॉलरच्या घरात. त्यात झांज नाही. झांजेचा आवाज फार वेळ रेंगाळतो आणि तेवढी स्मृती तेव्हा परवडत नव्हती. 'डेअर'मध्ये वरच्या बाजूला जी मोकळी, धुतलेली हवा आहे ती बऱ्याच अंशी या नसलेल्या झांजेची.

या संगीताला थंड म्हणायची पद्धत तेव्हापासूनची. १९८२ मध्ये ब्रिटिश संगीतकारांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालायचा ठराव केला होता. बटण दाबलं की गाणं बाहेर, मग वादकाने खायचं काय, हा त्यामागचा रास्तच धसका. पण बटण दाबलं की गाणं बाहेर, असं यंत्र तेव्हा त्या बँडांकडे नव्हतंच. ते आलं १९८३ मध्ये. यामाहा डीएक्स-७: सोळा सूर एकत्र, ३२ तयार आवाज, सूर कधीही न सरकणारा, वळवायला नॉबं जवळपास नाहीतच. त्याच जानेवारीत वेगवेगळ्या कंपन्यांची दोन यंत्रं एका साध्या वायरने जोडून मिडी, म्हणजे सगळ्या यंत्रांची एक सामाईक भाषा, दाखवण्यात आलं, आणि मापं बदलणारी डबडी अडगळीत गेली. कुणालाही सुटल्यासारखंच वाटलं असणार. मलाही त्या काळात बसवलं असतं तर मीही मिनीमूग विकून डीएक्स-७ घेतला असता, यात शंका नाही. पुढची दोन-तीन वर्षं मग रेडिओवर सगळीकडे तोच एक काचेचा पियानो.

ज्यांना आज तसं काही घरी करून बघायचंय त्यांनी ती खुंटी चारवरच राहू द्यावी. कॉर्ड वाजवू नये. तीन ओळी करून एकेक वाजवावी, एका दमात, कापाकापी न करता. प्रत्येक ओळीआधी सूर कानाने लावावा, पडद्यावरच्या काट्याने नाही. बासला पंधरा सेंट, मधल्या ओळीला सहा-सात, वरच्या धुनेला तीन-चार. तिसऱ्या ओळीपर्यंत पहिलीशी थोडं अंतर आपोआप पडतं, आणि ते अंतर गाण्यात एकाच जागी पडतं, सगळीकडे सारखं शिंपडलेलं नसतं. हे खऱ्या जुन्या यंत्रावर करत असाल तर मध्येच खोलीत एसी चालू करू नये. खिडकी उघडायची असेल तर ओळ संपल्यावर उघडावी, दहा मिनिटं थांबावं, आणि ए-४४० चं बटण पुन्हा दाबावं.